सिम्युलेटरने आकडे दिले, पण वाचायचे कसे? जेमफाईव्हच्या स्टॅट्स फाईलची सोप्या भाषेत ओळख

नवीन फोन घ्यायचा म्हटलं की आपण काय बघतो? कॅमेरा, बॅटरी आणि बेंचमार्क स्कोअर. स्कोअर काढणं सोपं असतं, कारण फोन तयार होऊन आपल्या हातात आलेला असतो. ॲप टाकलं, बटण दाबलं, आकडा आला.

आता जरा मागे जाऊ. त्या फोनमधली चिप ज्यांनी डिझाईन केली, त्यांच्याकडे निर्णय घेताना चिपच नव्हती. आतली कॅश १६ केबी ठेवायची की ३२ केबी, घड्याळ किती वेगाने चालवायचं, मेमरी कुठली लावायची, हे सगळं चिप कागदावर असतानाच ठरवावं लागतं. चिप कारखान्यातून बनून आल्यावर कळलं की कॅश कमी पडतेय, तर ते वरातीमागून घोडं. बदल करायचा तर पुन्हा वेळ, पुन्हा पैसा.

म्हणून आधी त्या डिझाईनचं सिम्युलेशन करतात. म्हणजे नसलेल्या चिपची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल बनवायची, तिच्यावर खरा प्रोग्रॅम चालवायचा आणि तो किती वेळात, कसा चालला याची आकडेवारी घ्यायची. अडचण अशी की सिम्युलेटर एक आकडा देत नाही, शेकडो-हजारो देतो. त्यातला नेमका कुठला वाचायचा आणि कुठल्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे आज आपण पाहणार आहोत. लेख थोडा मोठा आहे, पण गणित भागाकार-गुणाकारापलीकडे जात नाही.

एम्बेडेड सिस्टीम म्हणजे नक्की काय?

एखाद्या ठरावीक कामासाठी वस्तूच्या आत बसवलेला छोटा कॉम्प्युटर म्हणजे एम्बेडेड सिस्टीम. वॉशिंग मशीन, फिटनेस बँड, डिजिटल वीजमीटर, इलेक्ट्रिक स्कूटरचा कंट्रोलर, कारमधली एअरबॅग, सगळ्यात असा एक कॉम्प्युटर असतो. तुमच्या फोनमध्ये तर असे अनेक आहेत. मुख्य प्रोसेसर सोडून बॅटरी चार्जिंग, टचस्क्रीन, सेन्सर यांच्यासाठी वेगळे छोटे कंट्रोलर काम करत असतात.

लॅपटॉप थोडा हळू चालला तर आपण वैतागतो, एवढंच. एम्बेडेड सिस्टीममध्ये मर्यादा कडक असतात. बँडची बॅटरी इवलीशी असते, मेमरी मोजकी असते आणि एअरबॅग उशिरा उघडली तर ती न उघडल्यासारखीच. म्हणून इथे 'साधारण बरं चालतंय' हे उत्तर पुरत नाही. आकडा लागतो.

सगळे सिम्युलेटर वेळ मोजत नाहीत

आकडे वाचण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. सिम्युलेटर ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार 'काम बरोबर होतंय का' एवढंच बघतो. क्यूएमू हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. ॲप बनवणारे जो अँड्रॉइड एम्युलेटर वापरतात, तो क्यूएमूवरच बांधलेला आहे. प्रोग्रॅमचं उत्तर बरोबर आलं की याचं काम झालं. खऱ्या चिपवर त्याला किती सायकल लागल्या असत्या, याचा हिशोब तो ठेवत नाही. म्हणून एम्युलेटरवर ॲप भराभर चाललं म्हणजे फोनवरही चालेल, असं म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. अँड्रॉइडची स्वतःची बेंचमार्क लायब्ररीसुद्धा आपण एम्युलेटरवर आहोत हे दिसलं की सरळ एरर देते.

दुसरा प्रकार वेळेचा हिशोब ठेवतो. प्रत्येक इन्स्ट्रक्शनला किती सायकल, मेमरीतून डेटा यायला किती वेळ, कॅशमध्ये सापडलं की नाही, हे सगळं तो मोजतो. यातला विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना सगळ्यात ओळखीचा म्हणजे जेमफाईव्ह. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचा एमफाईव्ह आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाचा जेम्स असे दोन सिम्युलेटर एकत्र करून तो बनला आणि २०११ मध्ये त्याची ओळख करून देणारा शोधनिबंध आला. तो ओपन सोर्स आहे, फुकट आहे आणि लिनक्सवर चालतो. आर्म, रिस्क-फाईव्ह, एक्स-८६ अशा वेगवेगळ्या प्रोसेसरची नक्कल करतो. पुढची सगळी उदाहरणं मी याच्याच भाषेत देणार आहे, पण विचार करायची पद्धत कुठल्याही सिम्युलेटरला लागू पडते.

स्टॅट्स फाईल कुठे असते आणि दिसते कशी?

जेमफाईव्ह चालवून झालं की एमफाईव्हआउट नावाचं एक फोल्डर तयार होतं. त्यातल्या दोन फाईल आपल्या कामाच्या:

• स्टॅट्स डॉट टीएक्सटी: सगळी आकडेवारी यात.
• कॉन्फिग डॉट आयएनआय: कुठल्या डिझाईनवर ही आकडेवारी आली, त्याची पूर्ण नोंद यात.

स्टॅट्स फाईल साधी टेक्स्ट फाईल आहे. प्रत्येक ओळीत आधी आकड्याचं नाव, मग आकडा, मग हॅशच्या खुणेनंतर त्याचा अर्थ. नावं लांबलचक असतात, पण ती पत्त्यासारखी वाचायची. 'सिस्टीम डॉट सीपीयू डॉट डीकॅश' म्हणजे सिस्टीममधल्या सीपीयूच्या डेटा कॅशबद्दलची ओळ.

समजा आपण १०० मेगाहर्ट्झचा एक छोटा प्रोसेसर बनवतोय आणि त्यावर सेन्सरचा डेटा तपासणारा प्रोग्रॅम चालवला. फाईलमधून कामाच्या ओळी काढल्या तर चित्र असं दिसेल. नावं फाईलमध्ये इंग्रजीत असतात, मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत.

सिमसेकंड्स: ०.१
सिमटिक्स: १,००,००,००,००,०००
होस्टसेकंड्स: २०
सिमइन्स्ट्स: ४०,००,०००
नमसायकल्स: १,००,००,०००
सीपीआय: २.५
आयपीसी: ०.४
डेटा कॅश, एकूण ॲक्सेस: १२,००,०००
डेटा कॅश, एकूण मिस: ६०,०००
डेटा कॅश, मिस रेट: ०.०५
डेटा कॅश, सरासरी मिस लेटन्सी: १०,००,०००

बघायला रुक्ष वाटतं ना? यात एक अख्खी गोष्ट लपलेली आहे. मी ज्या क्रमाने वाचतो, त्याच क्रमाने बघू.

पायरी १: हे घड्याळ कुणाचं?

फाईलमध्ये दोन वेगवेगळी घड्याळं आहेत आणि नवीन माणसाचा इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

'सिम'ने सुरू होणारे आकडे नसलेल्या चिपचे. सिमसेकंड्स ०.१ म्हणजे ही चिप खरोखर बनली असती, तर प्रोग्रॅम एक दशांश सेकंदात संपला असता.

'होस्ट'ने सुरू होणारे आकडे तुमच्या लॅपटॉपचे. होस्टसेकंड्स २० म्हणजे ते एक दशांश सेकंद दाखवायला लॅपटॉपला २० सेकंद राबावं लागलं. इथे सिम्युलेशन खऱ्यापेक्षा २०० पट हळू आहे आणि त्यात काही बिघडलेलं नाही. प्रत्येक सायकलचा हिशोब ठेवायचा तर वेळ लागणारच.

थोडक्यात, तुमचं डिझाईन चांगलं की वाईट हे ठरवताना होस्टवाल्या आकड्यांकडे बघायचंच नाही. लॅपटॉपवर मागे व्हिडिओ चालू असेल तर होस्टसेकंड्स वाढतील, सिमसेकंड्स तसेच राहतील.

आता टिक म्हणजे काय? जेमफाईव्हचं आतलं सगळ्यात बारीक माप. नेहमीच्या सेटिंगमध्ये १ टिक म्हणजे १ पिकोसेकंद, म्हणजे एका सेकंदात १ लाख कोटी टिक. आपली चिप १०० मेगाहर्ट्झची, म्हणजे तिची एक सायकल १० नॅनोसेकंदांची, म्हणजे १०,००० टिक. हा १०,००० लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

पायरी २: एका इन्स्ट्रक्शनला किती सायकल?

४० लाख इन्स्ट्रक्शनला १ कोटी सायकल लागल्या. भागाकार केला की २.५. हा झाला सीपीआय, म्हणजे दर इन्स्ट्रक्शनमागे सायकल. उलटा भागाकार केला की आयपीसी ०.४.

२.५ चांगलं की वाईट? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. आपला प्रोसेसर साधा आहे, एका वेळी एकच इन्स्ट्रक्शन करणारा. सगळं सुरळीत असतं तर त्याला दर इन्स्ट्रक्शनला १ सायकल पुरली असती. म्हणजे ४० लाख सायकलमध्ये काम व्हायला हवं होतं, लागल्या १ कोटी. वरच्या ६० लाख सायकल गेल्या कुठे?

हा प्रश्न विचारता आला की स्टॅट्स फाईल वाचता आली म्हणून समजा. बाकीच्या ओळी त्याचं उत्तर शोधण्यासाठीच आहेत.

पायरी ३: ५ टक्के मिस, ६० टक्के वेळ

कॅश म्हणजे काय ते स्वयंपाकघरातून समजून घेऊ. ओट्यावर मिसळणाचा डबा असतो. मोहरी, हळद, तिखट हाताशी. फोडणी देताना हात गेला की मिळालं, ही झाली हिट. डब्यातलं जिरं संपलंय आणि कुणाला तरी खाली वाण्याकडे धाडावं लागलं, ही झाली मिस. तोवर गॅस बारीक करून वाट बघायची.

आपल्या फाईलमध्ये मिस रेट ०.०५ आहे, म्हणजे ५ टक्के. शंभरातल्या ९५ वेळा वस्तू हाताशी सापडली. परीक्षेत ९५ टक्के पडले तर पेढे वाटतील! म्हणून बरेच जण इथे थांबतात आणि 'कॅश ठीक आहे' असं लिहून मोकळे होतात.

पण खालची ओळ बघा. सरासरी मिस लेटन्सी १०,००,००० टिक. आपली एक सायकल १०,००० टिकची. म्हणजे एका मिसमागे १०० सायकल वाट बघणं आलं. आता गुणाकार करा:

६०,००० मिस × १०० सायकल = ६० लाख सायकल.

सापडल्या! हरवलेल्या सगळ्या ६० लाख सायकल इथेच गेल्या होत्या. मिस फक्त ५ टक्के, पण प्रोसेसरचा ६० टक्के वेळ नुसती वाट बघण्यात गेला. मेमरी जितकी लांब, तितकी एकेक मिस महाग.

आता या आकड्यावरून निर्णय घेता येतो. घड्याळाचा वेग वाढवून फारसा फायदा नाही. मेमरी तेवढीच हळू राहिली तर प्रोसेसर जास्त वेगाने वाट बघेल, दुसरं काय! त्यापेक्षा मिस कमी करा. समजा कॅश वाढवून किंवा कोड सुधारून मिस ६०,००० वरून १०,००० वर आणल्या. मग सायकल होतील ४० लाख अधिक १० लाख, म्हणजे ५० लाख. काम बरोबर निम्म्या वेळात.

एक सावधगिरी. मिस गुणिले लेटन्सी हा हिशोब साध्या, मिस झाली की थांबून राहणाऱ्या प्रोसेसरला लागू होतो. फोनमधले मोठे कोअर मिसची वाट बघता बघता पुढची कामं उरकत असतात, एकाच वेळी अनेक मिस हाताळतात. तिथे हा गुणाकार खऱ्यापेक्षा मोठा आकडा देतो.

मिस रेट कसा फसवतो?

हे उदाहरण मला फार आवडतं, कारण यात प्रोग्रॅमचं काम तेच राहतं आणि फक्त क्रम बदलतो.

समजा ५१२ × ५१२ पिक्सेलचा एक फोटो आहे, प्रत्येक पिक्सेल ४ बाइटचा. एकूण २,६२,१४४ पिक्सेल, म्हणजे १ एमबी. आपली डेटा कॅश १६ केबीची आणि तिची एक लाईन ६४ बाइटची. मेमरीतून काहीही आणायचं तर एकटा पिक्सेल येत नाही, शेजारचे मिळून १६ पिक्सेल एकदम येतात.

फोटो आडव्या ओळींनी वाचला तर पहिल्या पिक्सेलला मिस, पुढचे १५ फुकट. एकूण मिस २,६२,१४४ भागिले १६, म्हणजे १६,३८४.

उभ्या रांगांनी वाचला तर प्रत्येक पिक्सेल वेगळ्या लाईनमध्ये. एका रांगेला ५१२ लाईन लागतात आणि १६ केबीच्या कॅशमध्ये मावतात फक्त २५६. पुढच्या रांगेला सुरुवात करेपर्यंत आधीच्या लाईन हाकलल्या गेलेल्या असतात. म्हणून प्रत्येक पिक्सेलला मिस, एकूण २,६२,१४४. तोच फोटो, तेच उत्तर, १६ पट मिस.

आता फसवणूक बघा. प्रोग्रॅम ऑप्टिमायझेशनशिवाय कंपाईल केला तर लूपचे काउंटर, बेरीज वगैरे गोष्टी रजिस्टरमध्ये न राहता पुन्हा पुन्हा मेमरीतून वाचल्या-लिहिल्या जातात. समजा दर पिक्सेलमागे अशा ७ जादा ॲक्सेस झाल्या. त्या सगळ्या हिट असतात. मग उभ्या रांगांचा मिस रेट १०० टक्क्यांवरून थेट १२.५ टक्क्यांवर येतो. कागदावर मोठी सुधारणा! प्रत्यक्षात मिस तेवढ्याच आहेत आणि प्रोग्रॅम उलट आणखी हळू झालाय. फक्त भागाकारातला खालचा आकडा फुगला.

म्हणून मी टक्केवारीआधी मिसची एकूण संख्या बघतो. दोन प्रोग्रॅमची तुलना करायची असेल तर दर हजार इन्स्ट्रक्शनमागे किती मिस, हे काढा. आपल्या पहिल्या उदाहरणात ६०,००० मिस आणि ४० लाख इन्स्ट्रक्शन, म्हणजे हजारी १५. आणि शेवटचा शब्द नेहमी सिमसेकंड्सचा. बाकी सगळं छान दिसतंय, पण वेळ कमी झाला नाही, तर काहीच सुधारलेलं नाही.

बॅटरीपर्यंत हिशोब नेऊ

'०.१ सेकंद की ०.०५ सेकंद, काय फरक पडतो?' असं वाटू शकतं. चला, बघू.

समजा आपली चिप एका सेन्सरमध्ये बसवली आणि ती २२० मिलिअँपिअर-तासांच्या बटण सेलवर चालते. ती दर १२ सेकंदांनी जागी होते, वरचा प्रोग्रॅम चालवते आणि पुन्हा झोपते. म्हणजे मिनिटाला ५ वेळा, ०.१ सेकंद प्रत्येकी, एकूण ०.५ सेकंद जागी. जागेपणी ६ मिलिअँपिअर आणि झोपेत ०.००५ मिलिअँपिअर करंट लागतो असं धरू.

• आधीचं डिझाईन: जागेपणाचा सरासरी वाटा ६ × ०.५ ÷ ६० = ०.०५. झोपेचे ०.००५ मिळवले की ०.०५५ मिलिअँपिअर. २२० ला त्याने भागलं की ४,००० तास, म्हणजे साधारण साडेपाच महिने.
• मिस कमी केल्यावर: जागेपण मिनिटाला ०.२५ सेकंद. सरासरी ०.०२५ + ०.००५ = ०.०३० मिलिअँपिअर. आता सेल चालेल साधारण ७,३०० तास, म्हणजे दहा महिने.

सेल तोच, चिप जवळपास तीच, पण सेल बदलायची वेळ साडेचार महिने पुढे गेली. वेळ निम्मा झाला तरी आयुष्य बरोबर दुप्पट झालं नाही, हेही बघा. झोपेतला करंट तसाच राहतो ना! खऱ्या सेलमध्ये तापमान आणि सेलचं वय यामुळे आकडे थोडे खाली येतील, पण दोन डिझाईनपैकी कुठलं निवडायचं हे स्पष्ट झालं. स्टॅट्स फाईलमधल्या एका ओळीचं वजन एवढं असतं.

सरासरीच्या मागे काय लपतं?

फोन वापरताना 'लॅग' तुम्हाला चांगलाच माहीत आहे. ६० हर्ट्झच्या स्क्रीनला दर १६.६७ मिलिसेकंदांनी नवीन फ्रेम हवी असते. समजा १०० फ्रेमपैकी ९८ फ्रेम १० मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि २ फ्रेमना ५० मिलिसेकंद लागले. सरासरी येते १०.८. झक्कास! पण सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्यावर सेकंदातून एकदा तरी स्क्रीन अडखळणार.

फोनमध्ये हे फक्त त्रासदायक आहे. ब्रेकच्या किंवा एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये ते चालणारच नाही. तिथे सगळ्यात उशिराची एक वेळ महत्त्वाची, सरासरी नाही.

जेमफाईव्ह काही गोष्टींसाठी सरासरीसोबत पूर्ण वाटपही देतो. एकाच नावापुढे सॅम्पल्स, मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि मग वेगवेगळ्या टप्प्यांत किती वेळा आकडा पडला, अशा ओळी येतात. मीन वाचून पुढे जाऊ नका. शेवटचे टप्पे आणि 'ओव्हरफ्लो' नावाची ओळ बघा. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेलेले नमुने तिथे मोजलेले असतात.

आकडे वाचण्याआधीची तपासणी

प्रोजेक्टच्या व्हायवाला 'हा आकडा कुठून आला?' असं विचारलं की अनेकांची गाडी अडते. ही यादी जवळ ठेवा:

१. सीपीयूचं मॉडेल कुठलं? जेमफाईव्हमध्ये 'ॲटॉमिक' नावाचं एक झटपट मॉडेल आहे. त्यात मेमरी लगेच उत्तर देते असं धरलेलं असतं आणि साधारण दर इन्स्ट्रक्शनला एक सायकल मोजली जाते. भरभर पुढे जायला ते छान, पण त्यावरून वेळेचे निष्कर्ष काढायचे नाहीत. वेळ मोजायची तर 'टायमिंग', 'मायनर' किंवा 'ओ-थ्री' मॉडेल घ्या.

२. नक्की कुठला भाग मोजला? प्रोग्रॅम सुरू होणं, फाईल वाचणं, मेमरी तयार करणं हेही आकड्यांत मिसळतं. सुरुवातीला कॅश रिकामी असते, त्यामुळे तेव्हाच्या मिस जास्तच असतात. मोजायच्या भागाआधी 'रीसेट स्टॅट्स' आणि नंतर 'डम्प स्टॅट्स' अशा सूचना कोडमध्ये टाकता येतात.

३. फाईलमध्ये ब्लॉक किती? प्रत्येक डम्पला 'बिगिन' आणि 'एंड' अशा ओळींमध्ये आकडेवारीचा नवा ब्लॉक लिहिला जातो. सर्च करून पहिला सापडलेला आकडा उचलला तर तो भलत्याच भागाचा असू शकतो.

४. जुनी फाईल पुसली गेली का? वेगळं फोल्डर सांगितलं नाही तर पुढच्या वेळी त्याच फोल्डरमध्ये नवीन आकडे जुन्यांवर लिहिले जातात. 'आउटडिर' हा पर्याय वापरून प्रत्येक प्रयोगाला वेगळं नाव द्या.

५. एका वेळी एकच बदल. कॅशही वाढवली आणि घड्याळही वाढवलं, तर श्रेय कुणाला द्यायचं? दोन प्रयोगांच्या कॉन्फिग फाईल शेजारी ठेवून बघा. फरक फक्त तुम्ही केलेल्या बदलाचाच दिसायला हवा.

६. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. सिम्युलेटर शेवटी नक्कल आहे. 'खरी चिप बरोबर ०.१ सेकंद घेईल' असं छातीठोकपणे सांगू नका. 'तेच मॉडेल, तोच प्रोग्रॅम, कॅश वाढवल्यावर वेळ निम्मा' हे विधान जास्त भरवशाचं. मॉडेलमध्येच काही चूक असेल तर तीसुद्धा बऱ्याचदा दोन्हीकडे सारखी असते.

लॅपटॉप नाही? फोनवर सुरुवात करा

जेमफाईव्ह फोनवर चालवायचा प्रकार नाही. पण वोकवी नावाचा सिम्युलेटर ब्राउझरमध्येच उघडतो. त्यात अर्डुइनो, ईएसपी-३२, रास्पबेरी पाय पिको असे बोर्ड विकत न घेता चालवता येतात. फोनच्या छोट्या स्क्रीनवर कोड लिहिताना थोडी कसरत होते, पण जमतं.

सिम्युलेशन सुरू केलं की तिथे एक घड्याळ आणि एक टक्केवारी दिसते. ओळखीचं वाटलं का? तीच आपली पहिली पायरी. घड्याळ सिम्युलेशनच्या आतलं. टक्केवारी सांगते की खऱ्या वेगाच्या तुलनेत सिम्युलेशन किती वेगाने चाललंय. ५० टक्के दिसलं तर तुमचा कोड हळू नाही, तुमचा फोन तो बोर्ड पूर्ण वेगाने दाखवायला कमी पडतोय.

आता एक छोटा प्रयोग. अर्डुइनो उनो घ्या. मायक्रोज फंक्शनने सुरुवातीची वेळ घ्या, डिजिटलराईट १,००० वेळा चालवा, शेवटची वेळ घ्या, वजाबाकी करून १,००० ने भागा. १,००० वेळा का? कारण १६ मेगाहर्ट्झच्या उनोवर मायक्रोज ४ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनीच पुढे सरकतं. एकदाच मोजलं तर उत्तर त्या टप्प्यातच हरवेल. मग डिजिटलराईटऐवजी पोर्टच्या रजिस्टरमधली एक बिट थेट बदलून तोच प्रयोग पुन्हा करा. त्या एका इन्स्ट्रक्शनला २ सायकल पुरतात, म्हणजे ०.१२५ मायक्रोसेकंद. दोन्ही उत्तरांत लूपचा स्वतःचा वेळ मिसळलेला असेल. तो वेगळा कसा काढायचा? रिकामा लूप मोजून. पण कंपायलर हुशार असतो, रिकामा लूप दिसला की तो काढूनच टाकतो. त्याला कसं अडवायचं हा तुमचा गृहपाठ!

थोडक्यात सांगायचं तर

स्टॅट्स फाईल उघडली की आधी घड्याळ कुणाचं ते बघा. मग सायकल भागिले इन्स्ट्रक्शन करून किती सायकल वाया गेल्या ते काढा. त्या कुठे गेल्या ते मिसची संख्या आणि लेटन्सी यांच्यात शोधा. शेवटी तो आकडा बॅटरीच्या महिन्यांत किंवा डेडलाईनच्या मिलिसेकंदांत बदलून बघा, म्हणजे तो खरंच महत्त्वाचा आहे की नाही ते कळेल.

हीच सवय फोन घेतानाही कामाला येते. कुणी सहा आकडी बेंचमार्क स्कोअर तोंडावर फेकला तर विचारा: कुठल्या प्रोग्रॅमवर, फोन गरम झाल्यावर किती उरला, आणि सरासरी आहे की सगळ्यात वाईट वेळचा?

वोकवीवरच्या प्रयोगात तुम्हाला डिजिटलराईटसाठी किती मायक्रोसेकंद आले, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. सोबत बोर्डचं नाव आणि किती वेळा लूप चालवलात तेही लिहा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येईल. आणि रिकाम्या लूपचा गृहपाठ ज्याला जमेल, त्याने कोडही टाका!